फोनवर वाढवलेली शेवंती

दसरा जवळ आला की लातूरच्या गंजगोलाईत शेवंतीचे ढीग पडतात. पिवळी, पांढरी, मधूनच एखादी विटकरी. मी भाजीला म्हणून जाते आणि रिकामी पिशवी घेऊन या ढिगांपुढे वाकते. एक फूल उचलते, हुंगते, ठेवते. मग दुसरं. यंदा एका फुलवालीनं शेवटी माझं मनगटच धरलं.

“मावशी, देवाला जायची फुलं हायत. हुंगून समदी उष्टी करायलाव. घ्यायची तर घ्या, न्हाईतर पुढं व्हा.”

तिचं बरोबर होतं. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, हे मला परकरात होते तेव्हापासून माहीत आहे. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाईला फुलवालीनं बाजारात दटावावं, हेही बरं दिसत नाही. मी गुपचूप पावशेर फुलं घेतली आणि पुढं झाले. त्या पावशेरात मला हवं होतं ते फूल नव्हतं. आठ वर्षं शोधते आहे, मिळालेलं नाही.

ते फूल म्हणजे आमच्या अक्काची शेवंती. अक्का माझी थोरली जाऊ. तिचा संसार नांदेडला, माझा लातूरला. लग्न होऊन आली तेव्हा उदगीरच्या माहेराहून तिनं शेवंतीचा एक फुटवा ओल्या फडक्यात गुंडाळून आणला होता. बाकीच्या नव्या नवऱ्या दागिने दाखवतात, हिनं सासूला आधी कुंडी मागितली. ही गोष्ट सासूबाई मरेपर्यंत सांगायच्या, आणि दरवेळी सांगताना कपाळाला हात लावायच्या.

दिसायला ते फूल अगदी बेताचं. रुपयाएवढं, फिकट पिवळं, पाकळ्या जरा विस्कटलेल्या. आजकालच्या नर्सरीत ठेवलं तर त्याच्याकडं कुणी ढुंकून बघणार नाही. पण वास मात्र तिचा तिचाच होता. कुंडीला चुकून पदर घासला तर संध्याकाळी घडी घालताना पदर आठवण करून द्यायचा.

अक्काचा एक नेम होता. शेवंती एकाच घरात ठेवायची नाही. “एकीच्या घरी मेली तर दुसरीच्या घरी राहती,” ती म्हणायची. कार्तिक-मार्गशीर्षात फुलं होऊन गेली की जुनी खोडं वीतभर ठेवून कापायची. माघात बुडापासून कोवळे फुटवे निघतात. त्यातले चार तिचे माझ्याकडं यायचे, चार माझे तिच्याकडं जायचे. झाड तेच, वास तोच, तरी देवाणघेवाण व्हायचीच. एसटीच्या कंडक्टरच्या हातात ओल्या पोत्यात गुंडाळलेला पुडका द्यायचा, अहमदपूर, लोहा करत तो नांदेडला पोचायचा. “लोह्याला गाडी थांबली की जरा पाणी शिंपडा,” असं कंडक्टरला सांगणारी मी एकटीच प्रवासी नसलेली बाई असेन. उन्हाळ्यात अक्काचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला. “काय करायली गं शेवंती माहेरी?” तिच्या लेखी माझं घर हे शेवंतीचं माहेर होतं.

मुद्दाम सांगते, त्या काळात दोन घरांमध्ये एवढीच येजा होती. आमचे हे आणि थोरले भावजी एकमेकांशी बोलत नव्हते. सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात कुठल्या दवाखान्यात न्यायचं यावरून दोघांत बिनसलं, ते बिनसलंच. पुढं पुढं तर नेमकं कोण काय म्हणालं होतं, हेही दोघांना सांगता यायचं नाही. पण अबोला मात्र नेमानं पाळला. आम्ही दोघी जावा त्या अबोल्याच्या खालून फुटवे सरकवत राहिलो. यांना ते माहीत होतं. “आलं का नांदेडचं टपाल?” म्हणून विचारायचे, आणि पुडका सोडायला कात्री स्वतःच आणून द्यायचे.

शेवंतीनं मला वर्ष मोजायला शिकवलं. मोगऱ्याचं सोपं असतं, ऊन तापलं की तो फुलतो. सदाफुलीला तर काही विचारावंच लागत नाही. शेवंतीला मात्र अकरा महिने द्यावे लागतात आणि ती एक महिना परत देते. मृगात फुटवे वेगळे करून लावायचे. आषाढात शेंडा खुडायचा, म्हणजे बगलेतून फांद्या फुटतात. श्रावणात पुन्हा खुडायचा. वाढणाऱ्या झाडाचा शेंडा खुडताना पहिली दोन वर्षं माझा हात धजेना. अक्का फोनवर ओरडायची, “मार शेंडा. लाड केलास तर काठीसारखी सरळ जाईल अन् टोकाला एक फूल देईल.” भाद्रपदानंतर मात्र हात लावायचा नाही. मग रात्री लांबायला लागतात आणि झाडाला आपोआप कळतं की आता कळ्या धरायच्या.

एके वर्षी आमच्या फाटकासमोर नगरपालिकेनं पांढरा लख्ख दिवा बसवला आणि दिवाळी उलटली तरी शेवंतीनं कळी धरली नाही. खत घातलं, ताक घातलं, काही उपयोग नाही. अक्काला सांगितलं तर म्हणाली, “उजेडात कुणाला झोप येती का? दिवस मावळला की पोतं टाक तिच्यावर.” मी रोज संध्याकाळी सहाला शेवंतीवर पोतं टाकू लागले. शेजारणी हसल्या. महिन्याभरात कळ्या आल्या.

त्याच शेजारणींनी फुटवे मागितले होते. मी दिले नाहीत. अक्काच म्हणाली होती, “राहू दे गं, आपल्या दोघींतच राहू दे.” मलाही ते मनातून आवडलं होतं. सगळ्या कॉलनीत कुणाकडं नाही ती वस्तू आपल्या ओट्यावर आहे, याचा मला ताठा होता. आज त्या ताठ्याची लाज वाटते. दहा घरी दिली असती तर आज कुठल्यातरी एका घरात ती असती.

मग तो उन्हाळा आला. मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता आणि लातूरला नळ कधी येईल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. घराघरात पिंप, टाक्या, घागरी, अगदी लग्नातली पातेलीसुद्धा भरून ठेवलेली. अशा दिवसांत शोभेच्या झाडाला पाणी घालणं म्हणजे गुन्हाच. मी तांब्या घेऊन कुंड्यांकडं वळले की समोरचे देशमुखकाका ओट्यावरून हमखास बोलायचे. “मॅडम, माणसाला प्यायला न्हाई, अन् तुम्ही फुलाला पाजायलाव?”

ते मला फार लागलं. लागणारच, कारण खरं होतं. मी विचार केला, कुणाच्या तोंडचं नाही असं पाणी शोधायचं. आणि ते मला घरातच सापडलं. आमच्या बोअरचं पाणी जड, म्हणून पिण्यासाठी फिल्टर बसवलेलं होतं. ते एक घागर गोडं पाणी देतं आणि दोन घागरी वाया घालवतं. ती वाया जाणारी नळी मी बादलीत सोडली आणि ते पाणी रोज शेवंतीला, मोगऱ्याला, जास्वंदीला घालू लागले. मला माझ्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की कॉलनीतल्या चार बायकांनाही मी ती युक्ती सांगितली. देशमुखकाकांनीही मान डोलावली.

चैत्राच्या शेवटी शेवंतीच्या पानांच्या कडा करपल्या. मला वाटलं, तहान. मी बादली वाढवली. कुंडीच्या काठावर पांढरी बुरशीसारखी कड धरली. मला वाटलं, जुन्या कुंड्या आहेत. वैशाखात एकेक फुटवा काळा पडून आडवा झाला. जास्वंद गेली, मोगरा गेला. त्या चार बायकांचे मोगरेही गेले, आणि त्यांनी बरेच दिवस माझ्याशी नीट बोलणं टाकलं. शेवटी मी मेलेला फुटवा मुळासकट उपटून औसा रोडवरच्या एका नर्सरीवाल्याकडं घेऊन गेले. त्यानं मातीचा कण जिभेला लावला आणि थुंकला.

“मॅडम, फिल्टर पाण्यातलं मीठ काढतंय. ते काढलेलं मीठ जातंय कुठं? त्या बादलीतच की. दोन-तीन महिने मीठच घातलंत तुम्ही.”

वजाबाकी केल्यावर वजा झालेलं कुठं जातं, हे मी जन्मभर पोरांना विचारत आले. स्वतःच्या ओट्यावर मला तो प्रश्न पडला नाही.

पण तरी मी फार घाबरले नाही, कारण नांदेडला अक्काकडं चार फुटवे होतेच. त्यासाठीच तर तो सगळा नेम होता. अक्का दोन महिने हैदराबादेत होती, पोटाचं ऑपरेशन झालं होतं, एवढं मला माहीत होतं. ती परत आल्यावर फुटवे मागायचे असं ठरवलं होतं. ज्येष्ठात तिचा फोन आला. आवाज बारीक झाला होता.

“सुमन, माझ्या कुंड्या वाळून कोळसा झाल्या गं. घरात कुणाचं ध्यानच नव्हतं. पण तुझ्याकडं हाय ना, म्हणून मी निवांत हाय.”

मी ओट्याकडं बघितलं. सहा रिकाम्या कुंड्या एका ओळीत होत्या.

“हाव अक्का,” मी म्हणाले. “हाय की.”

हे मी ठरवून बोलले नाही. तिला आधीच इतकं दुखत होतं, त्यात ही भर नको असं त्या क्षणी वाटलं, एवढंच. उद्या सांगू, परवा सांगू, जरा बरी झाली की सांगू. पण अक्का बरी होत नव्हती. किमो सुरू झाला होता, आणि दर दोन-तीन दिवसांनी दुपारी चारच्या सुमाराला तिचा फोन यायचा.

“लावलीस का?”

“लावली.”

“किती जगल्या?”

“पाच.”

पाच कुठून आले, मलाही ठाऊक नाही. सहाच्या सहा म्हटलं तर खोटं वाटेल, म्हणून एक मारली असेन.

त्या पावसाळ्यात मी फोनवर एक झाड वाढवलं. आषाढात पहिला शेंडा खुडला. श्रावणात दुसरा. बोलण्यात चूक होऊ नये म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहून ठेवायची, शेंडा पहिला, शेंडा दुसरा, शेणखत. बाहेर पाऊस बरा पडत होता, ओट्यावरच्या रिकाम्या कुंड्यांमध्ये पाणी साचून त्यात डास झाले होते, आणि मी आत बसून अक्काला सांगत होते की पाचही झाडांनी छान फांद्या धरल्यात. भाद्रपदात मला वाटलं, सगळंच चांगलं चाललेलं अक्काला पटणार नाही. म्हणून मी झाडावर माव्याची कीड पाडली. त्याचा मला आजही राग येतो. कारण पुढचा अख्खा आठवडा ती त्या माव्यात गुंतली. साबणाचं पाणी मार, तंबाखूचं पाणी मार, कोवळी टोकं बोटानं पूस. एकदा फोन लागला तेव्हा ती दवाखान्यात होती, हाताला सलाईन होतं. मागं तिची सून मनीषा म्हणत होती, “आत्या, बोलू नका हो आता.” आणि अक्का विचारत होती, “मावा गेला का?”

“गेला अक्का,” मी म्हणाले. फोन ठेवून स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ रडले.

आमचे हे बाजूला बसून सगळं ऐकत होते. एक दिवस म्हणाले, “सांगून टाक.”

“कसं सांगू?”

“तोंडानं.”

त्यांना चिडून म्हटलं, तुम्ही तुमच्या भावाशी बोला आधी तोंडानं. ते उठून ओट्यावर गेले. त्या दिवसांत आमच्या घरात बरंच काही असं न बोलता राहायचं.

कार्तिक लागला. अक्कानं विचारलं, कळी धरली का. मी हाव म्हटलं. फुलली का. हाव. मग ती जराशानं म्हणाली, “मला आता तिकडं येणं न्हाई व्हायचं, सुमन. एक कुंडी घेऊन ये. बघू दे एक डाव.”

मी त्याच नर्सरीवाल्याकडं गेले. त्याच्याकडं रांगेनं शेवंत्या होत्या, सगळ्या एका उंचीच्या, ठेंगण्या, डोक्यावर गच्च फुलं. त्यातल्या त्यात फिकट आणि लहान फुलाची एक निवडली. घरी आणून प्लास्टिकची कुंडी फोडली आणि झाड आमच्या जुन्या मातीच्या कुंडीत बसवलं. काही फुलं तोडली, दोन फांद्या मुद्दाम वाकवल्या. काम मी नीट केलं. सगळं खरं सांगायचं, असं वाटेत मनाशी ठरवलं होतं. पोचल्या पोचल्या, चपला काढायच्या आधी.

हे स्वतःहून माझ्याबरोबर निघाले. मांडीवर कुंडी घेऊन लातूर ते नांदेड बसले, पोलिसांनी पकडून नेल्यासारखे. दारात भावजी उभे होते. दोघा भावांनी एकमेकांकडं बघितलं. भावजी म्हणाले, “गाडीला गर्दी होती का?” हे म्हणाले, “नव्हती.” अकरा वर्षांनी एवढंच. मग दोघं बाहेरच्या खोलीत जाऊन बसले, आणि मी कुंडी घेऊन आत गेले.

अक्का खिडकीपाशी पलंगावर होती. डोक्याला रुमाल बांधलेला, हातांच्या काड्या झालेल्या. पण कुंडी बघून ती उठून बसली. पाठीमागं उशीही तिनं कुणाला लावू दिली नाही. मी कुंडी तिच्यापुढं स्टुलावर ठेवली. तिनं पानांतून बोटं फिरवली, बुडाची माती दाबून बघितली.

“ठेंगणी राहिली.”

“हाव. पाणी कमी पडलं.”

“शेंडे लई मारलेस तू.” ती जरा हसली. “मीच सांगितलं म्हणा.”

आता, मी मनात म्हटलं. आता सांग. तेवढ्यात तिनं एक फूल बोटांत धरून नाकाशी नेलं, थांबली, आणि परत खाली ठेवलं.

“औषधानं माझं नाक गेलंय गं. भात हाय का भाकर, कायबी कळंना. तू घे वास. घे, अन् सांग मला कसा येतोय.”

मी वाकले. फूल हुंगलं. ओल्या पुठ्ठ्यासारखा काहीतरी वास होता, तोही बहुतेक मातीचा. फुलाला काहीच नव्हतं. अक्का माझ्या तोंडाकडं बघत होती. मी डोळे मिटून घेतले आणि सांगायला लागले. आधी जरा कडू येतो. मग ओवा चुरगाळल्यासारखा. मग मागून कापराच्या डबीसारखा थंड. आणि अगदी शेवटी गोड, पण साखरेचं गोड नाही, नव्या धान्याच्या पोत्याजवळ येतं तसलं.

“अजून?” अक्का म्हणाली.

अजून काय सांगणार? पण मी सांगितलं. पदराला लागला की संध्याकाळपर्यंत राहतो. पहाटेच्या दवात कमी येतो, ऊन वर आलं की वाढतो. तिनंही डोळे मिटले होते. ती सावकाश मान हलवत होती.

“हाव,” ती म्हणाली. “तीच. लई जपलीस गं सुमन.”

मी तिचा हात धरून बसले. संध्याकाळच्या गाडीनं आम्ही परत आलो, कुंडी तिथंच ठेवून.

पौषात अक्का गेली. आमच्यात पुरतात. भस्म लावलं, बेल वाहिला, आणि मनीषानं त्या कुंडीतली उरलेली फुलं आणून तिच्या ओंजळीत ठेवली. मी बघत होते. सगळ्या बायका रडत होत्या म्हणून माझं रडणं कुणाला वेगळं दिसलं नाही.

त्यानंतर मी उदगीरला अक्काच्या माहेरच्या गल्लीत जाऊन आले, देवणीपर्यंत विचारत गेले. कुणाकडं नाही. “असली शेवंती आता कोण लावतंय, मावशी?” सगळीकडं हेच. आणि अलीकडं आणखी एक वाईट गोष्ट झाली आहे. गंजगोलाईत फुलं हुंगताना माझ्या लक्षात येतं की मी कशाशी ताडून बघते आहे, ते माझ्यापाशी उरलेलं नाही. कडू, ओवा, कापूर, नवं धान्य. हे शब्द येतात. मी अक्काला सांगितलं ते सगळं पाठ आहे. वास येत नाही.

परवा मनीषाचा फोन आला होता. असाच, खुशालीचा. दोघे भाऊ आता बोलतात, भावजींच्या गुडघ्याचं तिनं सांगितलं. मग जरा घुटमळून म्हणाली,

“काकू, एक विचारू? तुम्ही आणलेल्या त्या शेवंतीला खरंच वास येत होता का हो?”

“का गं?”

“सासूबाई शेवटी शेवटी आल्यागेल्या समद्यांना ते फूल हुंगायला लावायच्या. ओवा म्हणायच्या, कापूर म्हणायच्या, नव्या धान्याचं पोतं म्हणायच्या. माझ्या जावेनं जपून ठेवली म्हणायच्या. आम्हाला तर कुणालाच काही यायचं न्हाई. पण समदे हाव म्हणायचे. मला वाटायचं, माझ्याच नाकात खोट हाय.”

मी पलंगावर बसले. म्हणजे ती पाहुण्यांपुढं फूल धरत होती, माझे शब्द सांगत होती, आणि समोरचं प्रत्येक माणूस मरणाऱ्या बाईचं मन राखून मान हलवत होतं. ती मात्र माझ्यामुळं अभिमानानं बसली होती.

“न्हाई गं,” मी म्हणाले. “तुझ्या नाकाला काही झालेलं न्हाई. त्या फुलाला वासच नव्हता. ती अक्काची शेवंती नव्हती. ती माझ्या हातून मेली होती, उन्हाळ्यातच. मी खोटं बोलले.”

आठ वर्षं मला हेच नांदेडला सांगायचं होतं. सांगून झालं होतं, आणि अक्का तिथं नव्हती.